टॉवेलमधल्या दोषाची जुनी नोंद नेमकी कशी शोधावी

सोलापुरातल्या टेरी टॉवेल कारखान्यात चेकिंगला ‘आडवा पट्टा’ दिसला की असा दोष आधी कधी, कशामुळे आला ते शोधायला संगणकावर तोच शब्द टाकला जातो आणि ढीगभर नोंदी समोर येतात. बहुतेक बिनकामाच्या. दोष कुठे सापडला यापेक्षा तो कुठे तयार झाला, हे शोधाला कळलं पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक नोंदीत आर्टिकल (मालाचा प्रकार), लूमचा म्हणजे मागाचा नंबर, पाइलचा (वरच्या फासांचा) आणि ग्राउंडचा (पायाच्या विणीचा) बीम, म्हणजे ताण्याचं उभं सूत गुंडाळलेला रूळ, वेगवेगळे, बाण्याच्या (आडव्या) सुताचा लॉट, डाय लॉट (एकत्र रंगवलेला माल), विणल्याची तारीख आणि पाळी हवी. चेकिंगची तारीख स्वतंत्र रकान्यात ठेवा. माल विणून, रंगून टेबलावर येईपर्यंत त्या लूमवर दुसराच बीम चढलेला असू शकतो. मालापासून लूमपर्यंतची ही साखळी बहुधा रंगाईत तुटते: साधी शाई ब्लीचिंगमध्ये उडते. ताग्याच्या टोकाला टिकाऊ शाईने लूम आणि बीमचा नंबर घाला. हे जमलं नाही, तर पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही.

मग दोषांचे कोड ठरवा. इथे खात्यात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळं बोललं जातं; एकाच दोषाची सगळी नावं एका कोडखाली आणा. नुसता ‘पट्टा’ स्वीकारू नका. उभा आणि ठरावीक जागी असेल, तर फणी (ताण्याची सुतं जिच्यातून जातात ती) किंवा ताणा बघायचा. आडवा असेल, तर बाण्याचं सूत, टेन्शन, लूम थांबून पुन्हा सुरू झाल्याची खूण. ग्रे (न रंगवलेल्या) मालात नव्हता आणि रंगल्यावर उमटला, तर आधी सुताचे लॉट मिसळले का ते पाहा.

शोधताना नंबर तंतोतंत जुळवून गाळणी लावा, वर्णन अर्थाने नंतर जुळवा. अर्थावर चालणाऱ्या शोधाला लूम १४ आणि लूम ४१ जवळपास सारखेच वाटू शकतात. काहीच सापडलं नाही, तर गाळणी सैल करा, पण दोष बघून: उभ्या पट्ट्याला लूम नंबर शेवटपर्यंत धरा, रंगल्यावर उमटलेल्याला सुताचा लॉट.

याच शोधात येणाऱ्या कार्यपद्धतीच्या कागदांवर लागू झाल्याची तारीख टाका. लूमवाल्याला चालू आवृत्तीच दिसावी. जुनी तक्रार तपासणाऱ्याला मात्र त्या दिवशी लागू असलेली.

चाचणीसाठी कारण पक्कं झालेल्या ३० तक्रारी घ्या आणि योग्य नोंद पहिल्या तीन निकालांत किती वेळा येते ते मोजा. ‘कामगाराचं दुर्लक्ष’ एवढंच कारण लिहिलेल्या नोंदी यात धरू नका, निकालांतही तळाला ढकला. त्यात लूमवर काय दुरुस्त केलं हे लिहिलेलंच नसतं.