जुना विनोदी लेख परत काढायचा असेल तर

दिवाळी अंकात नाहीतर पेपरच्या रविवार पुरवणीत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी छापून आलेले विनोदी लेख सांगली-मिरजेत बऱ्याच घरांत पडून आहेत, निदान 2019 च्या पुरातून वाचले ते तरी. आता कुणाला त्याचं पुस्तक काढायचंय, कुणाला ज्येष्ठांच्या कट्ट्यावर वाचायचंय, आणि मग अडतं, हे आज चालेल का?

आधी लेख मोठ्यानं वाचा. मनात वाचला की आपण सवयीनं जुन्याच ठिकाणी हसतो. घरातली सून, मुलगी, कॉलेजातला भाचा यांना समोर बसवा आणि ते कुठं गप्प होतायत तिथं पेन्सिलनं खूण करा. नंतर विचारलं तर "चांगलंय की ओ" म्हणणारच, ते धरू नका.

खुणेपाशी बघायचं ते एवढंच की हसू कुणावर आहे. कांदेपोह्याचा लेख घ्या. मुलगा घाबरलाय, हातातली बशी वाजतेय, मामा मधेच उसाच्या बिलावर घसरलाय, हे आजही जोरात चालतंय. मुलीच्या रंगावरची ओळ आली की बैठक मोडली. ती ओळ काढून बघा, परिच्छेद उभा राहिला तर ठीक, नाही राहिला तर त्यात दुसरं काही नव्हतंच, अख्खा काढा. "काळी"चं "सावळी" करून काही होत नाही, टोमणा तिथंच राहतो. जात आणि अपंगत्व यावरच्या कोट्या असतील तर एवढाही विचार करू नका, सरळ उडवा.

आपल्या भागातल्यांनी बोलीकडं जास्त बघावं. जुन्या लेखांत साहेब न् मास्तर पुस्तकी बोलतात आणि गडी, मोलकरीण, एसटीतला म्हातारा तेवढा "आलतो, गेलतो" करतो, म्हणजे आपलीच भाषा आपणच हशासाठी राखून ठेवलेली (याचा मला खरंच राग येतो). मास्तरलाही तसंच बोलू द्या, घरी ते तसंच बोलतात.

पण काळ बदलू नका. लँडलाइनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावणं, स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं हे आहे तसं राहू दे, तिथं मोबाईल घुसडला की लेख मेला.

स्वतःचा लेख असेल तर बिनधास्त कापा, फक्त खाली मूळ साल आणि "मजकूर बदललाय" एवढं टाका. वडिलांचा, काकांचा असेल तर शब्दाला हात लावू नका, वरती तुमच्या चार ओळी लिहा नाहीतर तो लेख पुस्तकात घेऊच नका. लेखक वारल्यावर कॉपीराइट 60 वर्षं चालतो आणि मृत्युपत्रात वेगळं काही नसेल तर तो सगळ्या वारसांकडं जातो, त्यामुळं छापायच्या आधी पुण्या-मुंबईच्या भावंडांनाही फोन करा. आणि कात्रणं आत्ताच स्कॅन करून ठेवा, तो पिवळा कागद घडीवर लगेच तुटतो.