धावत्या मुलांचे फोटो: लेन्स घेण्याआधी घर मोजा

माझी मुलगी आधाराशिवाय पहिल्यांदा चालली ती गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यावर. कॅमेरा माझ्या हातातच होता. त्या दोन मिनिटांचे अकरा फोटो माझ्याकडे आहेत. अकराही फोटोंत मागची तांबडी फरशी, दाराची चौकट, कोपऱ्यातली समई अगदी रेखीव आली आहे आणि मधोमध फ्रॉकचा एक पुसट पट्टा आहे. ते फोटो मी अजून पुसलेले नाहीत.

त्यानंतर कुणीतरी सांगितलं म्हणून ८५ एमएमची लेन्स आणली (एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळचं आणि अरुंद दिसतं). माणसांच्या फोटोंना ती उत्तम, हे खरंच आहे. पण आमचा सोपा जेमतेम ११ फूट रुंद. पाठ भिंतीला टेकवली तरी फ्रेममध्ये चेहरा आणि खांदे एवढंच मावायचं, आणि पोर दोन पावलं पुढे आलं की लेन्स फोकसच घेईना, कारण अशा बहुतेक लेन्सना किमान ८० सेंटिमीटरच्या आसपास अंतर लागतं. सहा महिन्यांनी ती विकली. तेव्हापासून जे कुणी विचारतं त्याला मी आधी दोनच गोष्टी विचारते: तुमच्यात आणि मुलात नेहमी किती फूट अंतर असतं, आणि तिथे उजेड किती?

आधी बिघडलेले फोटो नीट बघा

गेल्या दोन-तीन महिन्यांतले शंभरेक फोटो संगणकावर उघडा. चांगले बाजूला ठेवा, फसलेले बघा. भिंत स्पष्ट आणि मूल ओढल्यासारखं पुसट असेल, तर शटर स्पीड (शटर किती पटकन उघडून मिटतं तो वेग) कमी पडला. भिंतीसकट सगळंच हललेलं असेल, तर हात हलला. मूल मऊ-धूसर पण ओढल्यासारखं नाही आणि मागचा पडदा मात्र धारदार, म्हणजे फोकस मागे जाऊन बसला. आणि मूल फ्रेमच्या कोपऱ्यात मुंगीएवढं असेल, तर अंतराचा प्रश्न आहे.

या चारांतल्या पहिल्या दुखण्यावर पुष्कळदा पैसेच लागत नाहीत. कॅमेरा ऑटोवर असतो आणि घरातल्या उजेडात तो १/३० सेकंदासारखा स्पीड निवडून मोकळा होतो. शटर प्रायॉरिटीवर या, म्हणजे स्पीड तुम्ही ठरवायचा. भात खात बसलेल्या मुलाला १/१२५ पुरतो, फरशीवर खेळणाऱ्याला १/२५०, धावणाऱ्याला १/५००, आणि झोपाळा, उड्या, पाण्याचे शिंतोडे असतील तर १/१०००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही. ते तुमच्या हाताचा कंप सावरतं. मुलाचं पळणं त्याला थांबवता येत नाही. लेन्स विकताना हा फरक क्वचितच कुणी समजावून सांगतं.

मग टेप घ्या

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात. मूल जिथे दिवसाचे सहा-सात तास असतं ती जागा मोजा: सोपा, हॉल, स्वयंपाकघराचं दार, आंगण. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोफा भिंतीला लागलेला असतो हे धरून मोजा.

आता हिशेब. तीन-साडेतीन वर्षांचं मूल साधारण एक मीटर उंच असतं. डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडून ते पूर्ण फ्रेममध्ये यायला एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर (नवशिक्यांचे बहुतेक डीएसएलआर आणि बरेच मिररलेस याच मापाचे) कॅमेरा आडवा धरला तर ५० एमएम लेन्सला जवळपास १४ फूट अंतर लागतं. ३५ एमएमला साडेनऊ फूट. कॅमेरा उभा धरला तर ५० ला नऊ-सव्वानऊ आणि ३५ ला साडेसहा फूट पुरतात. पण धावणारं मूल कुठल्या बाजूला वळेल ते कळत नसतं, म्हणून मी बहुतेक वेळा कॅमेरा आडवाच धरते.

आकडे समोर ठेवले की उत्तर दिसतं. ‘पहिली प्राइम म्हणजे ५०’ हा सल्ला (प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स) आला तो फिल्म आणि फुल फ्रेमच्या, म्हणजे फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या, दिवसांतून. एपीएस-सीवर निकॉन, सोनी, फुजीमध्ये तीच लेन्स ७५ सारखी आणि कॅननमध्ये ८० सारखी दिसते. पणजी-मडगावच्या फ्लॅटमधल्या हॉलला ती लांब पडते. घरात काढायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: ३५ एमएम, एफ/१.८ किंवा एफ/२ (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). कॅमेरा फुल फ्रेम असेल तर ३५ च्या जागी ५० वाचा.

खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. किट लेन्सची (कॅमेऱ्याबरोबर आलेल्या झूम लेन्सची) झूम रिंग ३५ वर आणा आणि कागदी चिकटपट्टीने तिथेच थांबवून आठवडाभर तेवढ्यावरच फोटो काढा. पुढच्या आठवड्यात ५० वर. कुठल्या आठवड्यात तुम्ही जास्त वेळा भिंतीला पाठ लावली ते तुमचं तुम्हाला कळेल. हे करताना उभे राहू नका, फरशीवर बसा. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढायचं तर बसायची जागाही मोजमापात धरावी लागते.

उजेड, आणि एफचा आकडा

कौलारू घरात दुपारीही आत सावली असते. पावसाळ्यात तर चारलाच दिवा लावायची वेळ येते. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) संध्याकाळचंच घ्या. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवीखाली) घुमट आरती रंगात आली आहे, मोठी माणसं घुमट-शामेळ ही तालवाद्यं वाजवतात आणि पोरं कासाळं (झांजा) हातात घेऊन मध्येच नाचतात. खोलीत एक ट्यूबलाइट आणि समया. अशा ठिकाणी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० आणि एफ/२ वर मला साधारण १/२५० मिळतो, म्हणजे नाचणारं पोर बऱ्यापैकी पकडता येतं. त्याच जागी एफ/५.६ वर तो १/३० होतो आणि पुन्हा फ्रॉकचा पट्टाच हाती लागतो. फ्लॅश मारला तर समयांचा सगळा पिवळा उजेड जातो, म्हणून मी आरतीत फ्लॅश लावत नाही.

पण सगळीकडे एफ/१.८ उघडून बसू नका. ५० एमएमवर दीड मीटरवरून एफ/१.८ ने काढलं तर स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम साडेसहा सेंटिमीटर जाड असतो. नाक स्पष्ट, कान गेला. मूल अर्धं पाऊल पुढे आलं की दोन्ही गेले. ३५ एमएमवर दोन मीटरवरून एफ/२.८ ठेवलं तर हीच जाडी ३५ सेंटिमीटरच्या आसपास होते. हलत्या मुलाला तेवढी मोकळीक हवीच.

फोकसची मोटर

लेन्स हातात घेऊन जवळच्या वस्तूवरून दूरच्या वस्तूवर आणि परत फोकस करून बघा. घरघर करत, चाचपडत जाणारी लेन्स फुलाला चालेल; मुलाला नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. जुनी ‘डी’ लेन्स त्यांवर बसते, पण ऑटोफोकस करत नाही. एएफ-एस लिहिलेली बघूनच घ्या; एएफ-पी या मालिकांतल्या जुन्या बॉडींवर चालत नाही. आणि कॅमेऱ्यात सतत फोकस धरणारा मोड चालू करा: कॅननमध्ये एआय सर्व्हो, निकॉन-सोनीत एएफ-सी. डोळा ओळखणारा फोकस असेल तर तोही चालू ठेवा.

बाहेरची गोष्ट वेगळी

मिरामारची वाळू, शाळेचं मैदान, शिगम्याची मिरवणूक, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलच्या देवकीकृष्ण मंदिराजवळच्या मैदानातला चिखलकालो (चिखलात खेळायचा सण). इथे ३५ तोकडी पडते. पण म्हणून दीड किलोची ७०-२०० एफ/२.८ झूम घ्यायची गरज नाही. मुलाला एका हाताने सावरत ती पेलत नाही आणि ती दिसली की मुलं अवघडून उभी राहतात. साधी हलकी ५५-२०० किंवा ५५-२५० पुरते. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ/५.६ वर १/८०० मिळतो, आयएसओ दुप्पट केला की १/१६००. उडालेला चिखल त्यात थांबतो. चिखलकाल्याच्या दिवशी ढग असतील तर आयएसओ ८०० पर्यंत बिनधास्त वाढवा.

मिरामारला संध्याकाळी सूर्य समुद्रावर असतो. पाठ समुद्राकडे केली की मुलाच्या तोंडावर उजेड. समुद्राकडे तोंड केलं की केसांना सोनेरी कडा येते, पण चेहरा काळवंडतो. तेव्हा एक्सपोजर एक स्टॉपने (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवा. वाळूत लेन्स बदलू नका. जी लावून घरून निघालात तिच्यावरच परत या, आणि खारा थर जरा ओलसर मऊ कपड्याने बाहेरून पुसून घ्या.

जुनी लेन्स घेताना

३५ एमएम वापरलेली मिळाली तर जरूर घ्या, पण आपल्या हवेत आधी बुरशी बघा. दोन्ही झाकणं काढून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च धरा आणि पुढून तिरकं आत पाहा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर किंमत कितीही पाडली तरी नको. धुळीचे दोन-चार कण असतील तर हरकत नाही.

घरी आणल्यावर ती चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढं पुरतं. निळे खडे ओल पिऊन गुलाबी होतात, पण त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. घरात सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर निळे आणूच नका, नारिंगी आणा, आणि तो डबाही मुलाच्या हाताला न लागेल असा ठेवा. माझा सोप्यावरच्या वरच्या कोनाड्यात असतो. जूनपासून दर महिन्याला उघडून खड्यांचा रंग बघते, आणि चवथीच्या आधी एकदा खडे बदलून टाकते.