ई-स्कूटर घेताय? आधी एआयएस मानक आणि टेस्टिंगचा कागद कसा बघायचा ते वाचा

पुण्यात एआरएआय म्हटलं की निम्म्या लोकांना टेकडीच आठवते. वेताळ टेकडीवर सकाळी फिरणारे सर्रास "एआरएआय टेकडीवर जाऊन आलो" म्हणतात, पण त्या कुंपणाच्या आत काय चालतं विचारलं की "गाड्या टेस्ट करतात" एवढंच उत्तर. खरं तर ते अर्धंच काम आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ सालची संस्था, वाहन उद्योग आणि केंद्र सरकार यांनी मिळून उभी केलेली, आणि गाडी टेस्ट कशी करायची, कशाला पास म्हणायचं हे ज्या एआयएस (ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड) मानकांत लिहिलेलं असतं ती ठरवणाऱ्या कमिटीचं सचिवालयही इथेच आहे. मसुदा कमिटीत घासला जातो, मग केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या तांत्रिक स्थायी समितीकडे जातो, आणि मंत्रालयाने नोटिफिकेशन काढलं की कंपनीला तो पाळावाच लागतो. ही मानकं एआरएआयच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आपल्यातले फार कमी लोक ती उघडतात, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात कागदापासून करा. शोरूममध्ये त्या मॉडेलचं टाइप अप्रूव्हल सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल टेस्टमध्ये पास झाल्याचा कागद, दाखवा म्हणायचं. ते एआरएआयचंच पाहिजे असं नाही, मोटार वाहन नियम १२६ खाली मानेसरचं आयकॅट, आपल्या अहिल्यानगरची व्हीआरडीई, भोसरीची सीआयआरटी अशा बाकीच्या संस्थाही आहेत आणि त्यांचा कागदही तितकाच चालतो.

मागच्या वर्षी बहिणीसाठी स्कूटर बघत होतो, "लायसन्स नको, पासिंग नको" वाली. दुकानदाराने बराच वेळ शोधून झेरॉक्स आणली, मॉडेलचं नाव बरोबर, शिक्काही होता. मी सीट उचलून बॅटरीवरचं स्टिकर बघितलं तर तिथे ६० व्होल्ट, आणि कागदावर ४८ व्होल्ट. वर तो म्हणतो ही एक वायर काढली की पंचेचाळीसनी पळते. अहो, लायसन्स-पासिंगची सूट मिळतेच मुळी मोटरची पॉवर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तर, आणि तीही टेस्टिंग एजन्सीने तसं तपासून दिलं असेल तरच. वायर काढली की ती साधी मोटार वाहन होते, म्हणजे नंबर प्लेट नाही, इन्शुरन्स नाही, आणि अपघात झाला तर सगळं बहिणीच्या गळ्यात. ॲडव्हान्स दिला नव्हता म्हणून सुटलो. तेव्हा कागद आणि गाडी शेजारी ठेवून मॉडेल, व्हेरिएंट, मोटरची पॉवर, बॅटरीचा व्होल्ट आणि क्षमता हे सगळं जुळवा, एक जरी वेगळं निघालं तरी टेस्ट झालेली गाडी ती नव्हे.

आता बॅटरी, आणि इथे जरा थांबा. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल, त्या उन्हाळ्यात देशात आणखीही गाड्या पेटल्या. त्यानंतर सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि बॅटरीच्या सुरक्षेच्या एआयएस-१५६ या मानकात मोठी दुरुस्ती झाली. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. एक सेल आतल्या आत शॉर्ट होऊन तापला तर आग शेजारच्या सेलमध्ये पसरते का, गाडी बसलेल्या माणसाला वेळेत इशारा देते का, बॅटरीत पाणी शिरतं का, अशा गोष्टी आता तपासतात. म्हणून सेकंडहँड ई-स्कूटर घेत असाल तर आरसीवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष आधी बघा. एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर मी तरी घेणार नाही, कितीही स्वस्त असली तरी. आणि नंतर बाहेरून दुसरी बॅटरी टाकली असेल तर कागदावरच्या एआयएस-१५६ ला काही अर्थ उरत नाही, कारण टेस्ट झालेला पॅक वेगळाच होता.

रेंजचं काय? जाहिरातीत "आयडीसी रेंज" लिहितात, तो इंडियन ड्रायव्हिंग सायकलवरचा आकडा. सायकल म्हणजे टेस्टमध्ये गाडीचा वेग कधी किती ठेवायचा याचा ठरलेला क्रम. ही सायकल १०८ सेकंदांची, तीच पुन्हा पुन्हा फिरवतात, आणि तिच्यात जास्तीत जास्त वेग ताशी ४२. तीही रस्त्यावर नाही, लॅबमध्ये रोलरवर, ठरलेल्या तापमानात. चांदणी चौकाचा चढ नाही, मागे डबलसीट नाही. म्हणजे आकडा खोटा नाहीये, फक्त तो दोन गाड्या एकमेकींशी ताडून बघायला आहे, तुमच्या ऑफिसच्या अंतराशी नाही. आम्ही शेवटी घेतलेली गाडी शंभर सांगते, बहीण सत्तर-बहात्तर काढते. तेव्हा रोजच्या अंतराच्या दीडपट आकडा मागा.

कारच्या मायलेजचंही तसंच. तिथे ११८० सेकंदांची सायकल असते, वेग ताशी ९० च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो, शिवाय पेट्रोल मापाने मोजत नाहीत, सायलेन्सरमधून निघालेला धूर गोळा करून त्यातल्या कार्बनवरून किती जळलं ते काढतात. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

शेवटचं काम फार कमी लोक करतात. नवीन मानकाचा मसुदा वेबसाइटवर येतो आणि त्यावर हरकती-सूचना पाठवता येतात, कंपन्या हे नेमाने करतात, गाडी वापरणारे करत नाहीत. आधी मसुदा डाउनलोड करा, मग कलमाचा नंबर, आत्ताचा मजकूर, त्याजागी काय पाहिजे आणि का, एवढं चार रकान्यांत लिहून मुदतीच्या आत ईमेल करा. नुसतं "रेंज फसवी आहे" लिहिलं तर कमिटीला त्याचं काही करता येत नाही, पण "अमुक कलमात डबलसीटच्या वजनावरही टेस्ट घ्या" असं लिहिलं तर त्यांना त्यावर चर्चा करता येते.