फॉक्स हंटला निघताय? आधी सेन्स तपासा (८० मीटरवाल्यांसाठी)

फॉक्स हंट म्हणजे लपवलेले रेडिओ ट्रान्समिटर (तेच फॉक्स) हातातल्या रिसीव्हरने शोधायचा खेळ, ८० मीटर आणि २ मीटर हे त्यातले रेडिओ बँड. पाणी, बूट, फुल पँट, शिट्टी हे सांगायला लागू नये. हेडफोन. बॅटरी नवी घाला, 'अजून चालतेय की' वाली नको.

आता मुद्द्याचं. सेन्स तपासा. ८० मीटरला फेराइट रॉड (सेटचा कॉइल गुंडाळलेला अँटेना) फिरवला की आवाज एकदम बुडतो, तो नल, पण त्याने नुसती रेघ कळते, फॉक्स त्या रेघेवर पुढे आहे की पाठीमागे ते कळत नाही, ते ओळखणं म्हणजे सेन्स, त्यासाठीच तो उभा रॉड (दुसरा छोटा अँटेना) आणि सेन्सचं बटण असतं. आणि कॉइल काढून परत सोल्डर करताना दोन वायरी उलट लागल्या तर बाकी सगळं झकास चालतं, आवाज येतो, नल धारदार येतो, फक्त सेन्स १८० अंश उलटा. असा सेट घेऊन मी अख्खी टेकडी चढलोय, फॉक्स खाली मागे होता. त्यामुळे रिपेअर केलं असो नसो, तपासा.

कसं? क्लबातल्या कुणाला तरी ट्रान्समिटर घेऊन मोकळ्या मैदानात शंभर-दीडशे मीटरवर उभं करा, जवळ तारेचं कुंपण, गाडी, विजेच्या तारा नकोत. गेन (सेट सिग्नल किती वाढवतो ते) कमी करा, नाहीतर फरक ऐकूच येत नाही. नल पकडा, तिथून ९० अंश वळा, बटण दाबा, मग सेट उलटा फिरवून परत ऐका. ज्या बाजूने आवाज मोठा तिकडे खोक्यावर रंगाचा ठिपका. टेप लावू नका, घामाने निघते. ठिपका आधीपासून आहे म्हणून सोडून देऊ नका, तो जुन्या कॉइलच्या वेळचा असू शकतो! उभा रॉड हलत नाही ना तेही बघा.

घड्याळ सेकंद दाखवणारं हवं. पाचही फॉक्स एकाच फ्रिक्वेन्सीवर, प्रत्येकाला एक मिनिट, म्हणजे हुकला की चार मिनिटं थांबा. मोर्स येत नसलं तरी अडत नाही, फॉक्स पाठवतो त्या 'एमओ'नंतरचे (म्हणजे पाच लांब आवाजांनंतरचे) डॉट, छोटे आवाज, मोजा, एक ते पाच, तोच फॉक्सचा नंबर.

नकाशाला प्लास्टिक, आणि त्यावर उमटणारं पेन, घरीच लिहून बघा. बेअरिंग (फॉक्सच्या दिशेची रेघ) लगेच ओढा, डोक्यात ठेवलेलं पुढच्या मिनिटाला विसरतं. कंपास हेडफोनपासून लांब, आत मॅग्नेट असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनी कोर्स लावलेला असेल तर स्टार्टपासून ७५० मीटरच्या आत फॉक्स नसतो आणि दोन फॉक्समध्ये किमान ४०० मीटर असतात, तेवढी वर्तुळं आधीच काढली की बराच नकाशा बाद होतो.

२ मीटरवाल्यांना यागी (एका दिशेने जोरात ऐकणारी अँटेना) असते, तिला पुढची बाजू असतेच, त्यांनी अटेन्युएटर (जोरदार सिग्नल कमी करणारा) बघावा आणि टेकडीवरून उलटून येणाऱ्या सिग्नलच्या मागे धावू नये, बस.

सेन्स तपासला? 'गेल्या वेळी बरोबर होता' हे उत्तर नाही.

बाकी भराभर: फिनिशच्या बीकनची (तिथली जागा दाखवणाऱ्या ट्रान्समिटरची) फ्रिक्वेन्सी वेगळी असते, हातावर लिहा. वेळमर्यादा विचारून घ्या, ती उलटली की पाच सापडूनही उपयोग नाही. मध्येच सोडून दिलं तरी फिनिशला येऊन सांगा, नाहीतर सगळे तुम्हालाच शोधत बसतात.