खुलभर दुधाची कहाणी सांगायची कशी

श्रावणी सोमवारची ही कहाणी पोथीतून वाचली तर पाच मिनिटांत आटपते. समोर मुलं असतील तर पोथी मिटून तोंडी सांगा आणि दहा मिनिटं हाताशी ठेवा. पूजा आधी उरकून घ्या. ऐकणाऱ्यांच्या हातात अक्षता द्या. मूठ बंद राहिली की चुळबुळही कमी होते.

सुरुवात ठरलेली: आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता. त्याच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. प्रधानाच्या सल्ल्यानं दवंडी पिटली: सोमवारी घरातलं सगळं दूध देवळात आणायचं. इथं घाई करू नका. राजाला दुष्ट करून सांगण्याचा मोह होतो, आवाज जाड होतो, आणि कहाणी तिथंच बिघडते. राजा भाविकच आहे. फक्त त्याची भक्ती दुसऱ्याच्या घरच्या दुधावर चाललेली आहे.

दवंडीनंतर काय झालं ते दाखवायलाच हवं. गोठ्यातली धार आजच्या मुलांनी पाहिलेली नसते, म्हणून दोन वाक्यांत सांगा: आधी वासरू सोडतात, ते दोन घोट पितं, गाय पान्हा सोडते, मग धार काढतात, आणि थोडं दूध वासरासाठी मागं ठेवतात. त्या सोमवारी कुणीच काही मागं ठेवलं नाही. दावणीला वासरू हंबरतंय, आत पाळण्यातलं मूल रडतंय, आणि आई चरवी उचलून देवळाकडं निघालीय. एवढं पुरे.

गाव लोटलं, दूध ओतलं, गाभारा भरेना. कोकणापासून देशापर्यंत किती तरी शिवमंदिरांचे गाभारे सभामंडपापेक्षा खोल असतात. अंबरनाथच्या शिवालयात तर बऱ्याच पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावं लागतं. असा खोलगट गाभारा डोळ्यांपुढं उभा केला की ‘भरणं’ कळतं. एखादं चुणचुणीत पोर विचारतंच, पन्हळीतून दूध वाहून गेलं असेल ना? वाद घालू नका. ‘पुढं एक म्हातारी येते, मग तिचं दूध कसं राहिलं?’ एवढं विचारा आणि पुढं चला.

आता म्हातारी. कहाणीचा कणा म्हणजे तिची सकाळ. घरचं काम आटोपलं, मुलाबाळांना खाऊ घातलं, लेकी-सुनांना न्हाऊ घातलं, गाई-वासरांना चारा घातला, स्वतःच्या जिवालाही थंड केलं. मग थोडं गंध-फूल, चार तांदूळ, बेलाची पानं आणि खुलभर दूध घेऊन दुपारी निघाली. खुलभर म्हणजे इवल्याशा भांड्याभर. ही यादी दर वेळी त्याच क्रमानं म्हणा. दुसऱ्या सोमवारी ती पुन्हा येते तेव्हा मुलं तुमच्याआधी म्हणू लागतात. यादीतली सगळ्यात जास्त गाळली जाणारी गोष्ट म्हणजे तिनं स्वतः खाल्लं ती. ती गाळली की म्हातारी उपाशीपोटी त्याग करणारी बाई होते, आणि कहाणी उलटी फिरते.

तीन सोमवार पुरते सांगा. पहिल्या सोमवारी म्हातारी खुलभर दूध ओतून जाते आणि गाभारा भरलेला गुरवाला दिसतो. दुसऱ्या सोमवारी शिपायांचा पहारा, तरी पत्ता लागत नाही. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः दबा धरून बसतो आणि तिचा हात धरतो. दुसरा सोमवार गाळणारे बरेच; मग हात धरण्यात काही गंमत उरत नाही. म्हातारी घाबरते, राजा अभय देतो, मग ती बोलते. तिचं बोलणं हळू आवाजात घ्या: तुझ्या आज्ञेनं वासरं आणि मुलं तळमळली, ते देवाला रुचलं नाही.

शिक्षा एवढीच, की सगळ्या गावाचं दूध ओतूनही गाभारा रिकामा. वीज पाडू नका, राजाला आंधळा करू नका. पुढल्या सोमवारी तोच राजा कुणालाही न दुखवता पूजा करतो आणि गाभारा भरतो. म्हातारीला इनाम मिळतं.

‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हटल्यावर अक्षता देवाला वाहायच्या. त्यानंतर दुधाचा नैवेद्य असेल, तर पहिली वाटी सगळ्यात धाकट्या पोराच्या हातात द्या.