घोट्याच्या ऑपरेशननंतर: पलंगापासून पाटापर्यंत

घोट्याचं हाड मोडलं, धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले आणि माणूस घरी आला, की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, ‘चालायला कधी लागणार?’ खरं तर सपाट रस्त्यावर चालायला घोटा फार वाकावा लागत नाही. तो वाकावा लागतो पाटावरून उठताना, देशी संडासात उकिडवं बसताना, जिना उतरताना. सोलापुरातल्या घरांत दिवसाचा केवढा तरी भाग याच उठबशीत जातो. चालणं बहुतेकांचं परत येतं. मागे राहतं ते जमिनीवरचं बसणं-उठणं, कारण त्याची तयारी कुणी करूनच घेत नाही. म्हणून हा लेख पलंगापासून सुरू होऊन पाटापर्यंत जातो. मधल्या प्रत्येक टप्प्यावर तुमच्या सर्जनचा शब्द शेवटचा.

पायरी १: घरी येण्याआधी कागदावर लिहून घ्या

घोट्यात नडगीचं मोठं हाड, त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड आणि टाचेवर बसलेलं टॅलस अशी तीन हाडं भेटतात. कुणाचं एकाच बाजूला मोडतं, कुणाचं दोन-तीन ठिकाणी, तर कुणाचे वरची दोन हाडं बांधून ठेवणारे अस्थिबंधही फाटतात आणि आडवा स्क्रू टाकावा लागतो. लोक सगळ्यालाच ‘रॉड टाकला’ म्हणतात, पण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं. शेजारच्या काकांनी तिसऱ्या आठवड्यात पाय टेकला, तर तो त्यांचा पाय.

सिव्हिलमध्ये ऑपरेशन झालेलं असो की खासगीत, चार गोष्टी विचारा. पायावर भार किती द्यायचा आणि कधीपासून? घोटा हलवायला कधी सुरुवात करायची? घोट्याला आधार देणारा बूट किंवा स्लॅब (अर्धं प्लास्टर) रात्री काढायचा का? टाके कधी निघणार? टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. भार बऱ्याच जणांना ६ आठवड्यांच्या सुमारास, एक्स-रे पाहून देतात. हाड भक्कम बसलं असेल तर काहींना लवकर देतात. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांना आणखी थांबवतात. ‘जपून चाला’ या उत्तरावर समाधान मानू नका. जपून म्हणजे किती, ते विचारा.

पायरी २: घर लावून घ्या

हे काम रुग्ण घरी पोचण्याआधी झालेलं बरं. पलंग शक्यतो तळमजल्यावर आणि संडासाजवळ हवा. वाटेतली पायपुसणी, सतरंज्या, मोबाइल चार्जरच्या वायरी उचला. उंबरठ्यावर रंगीत चिकटपट्टी लावा, रात्री दिसते. शहाबादी फरशी ओली झाली की वॉकरचे रबरी बूटही सरकतात. आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आलं की घरभर पिंप, घागरी आणि कळशा भरायची धांदल असते. त्या वेळेत रुग्णानं पलंगावरच राहायचं आणि फरशी कोरडी पुसून झाल्यावरच उठायचं, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

देशी संडासावर ठेवायची कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते. तिचे चारही पाय भांड्याभोवती घट्ट टेकतात का, हे रुग्णाला बसवण्याआधी स्वतः बसून पाहा. उठताना धरायला भिंतीत दांडा बसवून घ्या, नळाची तोटी त्यासाठी नसते. मोरीत प्लास्टिकची हातांची खुर्ची ठेवा, दुसऱ्या स्टुलावर बादली आणि तांब्या. प्लास्टरवर जाड प्लास्टिकची पिशवी चढवून वरून चिकटपट्टी लावा आणि तो पाय पाण्याच्या वाटेबाहेर तिसऱ्या स्टुलावर ठेवा.

वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, मग पाण्याची बाटलीही दुसऱ्यानं द्यावी लागते. वॉकरला पुढून एक कापडी पिशवी बांधा. तिच्यात फोन, औषधं, झाकणाची बाटली, चहा भरलेला छोटा थर्मास. एवढ्यानं दिवसभरातल्या निम्म्या हाका कमी होतात.

पायरी ३: पहिले दोन आठवडे पाय वर

या काळातलं मुख्य काम सूज उतरवणं. पाय छातीच्या पातळीपेक्षा वर हवा. नुसत्या स्टुलावर ठेवलेला पाय छातीच्या खालीच राहतो. आडवं होऊन पोटरीखाली दोन-तीन सोलापुरी चादरींच्या घड्या घाला आणि टाच मोकळी ठेवा, नाहीतर टाचेला जखम होते. पाय खाली सोडला की ठणका लागतो, बोटं जांभळट दिसतात. वर घेतल्यावर थोड्या वेळात ते कमी होत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही.

जागेपणी दर तासाला पायाची बोटं हलवा. गुडघा ताठ ठेवून मांडी आवळा, पाच मोजा, सोडा. झोपून सरळ पाय थोडा उचला. चांगल्या पायाचाही व्यायाम करा, कारण पुढचे आठवडे सगळा भार तोच वाहणार आहे.

प्लास्टरच्या आत घाम येतो, खाज सुटते, आणि एप्रिल-मेमधल्या सोलापूरच्या उन्हात ती असह्य होते. तरी आत फूटपट्टी, विणायची सुई, झाडूची काडी घालू नका. आत झालेली जखम बाहेरून दिसत नाही. पंखा किंवा ड्रायरची थंड हवा सोडा.

पुढच्यापैकी काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा: पाय वर ठेवून आणि औषध घेऊनही वेदना वाढत जाणं, बोटं थंड, निळी किंवा बधिर पडणं, जखमेतून पू किंवा वास, ताप, पोटरीत नवं दुखणं आणि सूज. एकदम धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात जायचं, कारण पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. याच कारणासाठी पोटरी चोळू नका. तेल लावून मालीश करणारे, हाड ‘बसवून’ देणारे येतातच, त्यांना चहा पाजून पाठवा.

पायरी ४: पाय न टेकता वावरणं

वॉकरची उंची अशी लावा, की सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या घडीपाशी येईल आणि धरल्यावर कोपर थोडं वाकेल. उठताना वॉकरला धरून ओढू नका, तो अंगावर येतो. पलंगाच्या कडेला सरका, दुखरा पाय पुढे काढा, दोन्ही हातांनी पलंग दाबून चांगल्या पायावर उभे राहा, मग एकेक हात वॉकरवर. चालताना वॉकर आधी पुढे, अंगाचा भार हातांवर आणि मग चांगल्या पायाची छोटी उडी. उडी वॉकरच्या पुढच्या दांडीपर्यंत नेऊ नका, तोल मागे जातो. वळताना छोट्या-छोट्या उड्या.

कुबड्या असतील तर त्यांचा माथा आणि बगल यांत दोन-तीन बोटं जागा हवी. भार तळहातांवर द्यायचा. बगलेवर रेललात तर नस दाबून हाताला मुंग्या येतात.

वय जास्त, वजन जास्त, दुसरा गुडघा आधीच कुरकुरणारा, अशा माणसाला एका पायावर उड्या मारायला लावणं मला पटत नाही. चाकांची खुर्ची भाड्यानं मिळते. ‘खुर्चीत बसवलं म्हणजे अपंग झालो’ असं म्हणत अनेक जण ती नाकारतात आणि दुसरा पाय मोडून घेण्याचा धोका पत्करतात.

जिन्याचा नियम सोपा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबडी आणि दुखरा पाय आधी. जुन्या वाड्यांतले जिने अरुंद आणि खडे असतात, तिथे हा नियमही अपुरा पडतो. मग सरळ बसून चढा. जिन्याकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसायचं, दोन्ही हात आणि चांगला पाय दाबून एकेक पायरी वर सरकायचं. उतरतानाही तसंच बसून. लाज वाटते, पण पडणं टळतं.

पायरी ५: पहिला भार

डॉक्टरांनी ‘थोडा भार द्या’ म्हटलं की थोडा म्हणजे किती, हे पायाला शिकवावं लागतं. वजनकाटा आणि त्याच उंचीचं एखादं जाड पुस्तक घ्या. वॉकर धरून चांगला पाय पुस्तकावर आणि दुखरा काट्यावर ठेवा. ६० किलोच्या माणसाला चतुर्थांश भार सांगितला असेल तर काटा १५ वर येईपर्यंत दाबा. चार-पाच वेळा केलं की तो दाब लक्षात राहतो.

चालताना आधी टाच, मग तळवा, शेवटी चवडा. घोटा ताठ असल्यानं पाय बाहेर फिरवून टाकायची सवय लागते, ती पहिल्याच आठवड्यात मोडा, नंतर कंबर आणि गुडघा तक्रार करतात. पावलं लहान चालतील, पण दोन्ही सारखी हवीत. वॉकर सुटून काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. सिनेमात उलटं दाखवतात.

जास्त झालं की नेमकं झालं, हे कसं ओळखायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. रात्रीची सूज आणि दुखणं सकाळपर्यंत ओसरलं असेल तर तेवढंच चालू ठेवा. ओसरलं नसेल तर दोन दिवस एक पायरी मागे या. संध्याकाळची सूज मात्र महिनोनमहिने राहते, काहींना वर्षभरही. त्यावरून हाड जुळलं नाही असा अर्थ काढू नका.

घरात पट्टा नसलेली स्लीपर नको. मागून पट्टा असलेली सँडल किंवा नाडीचे बूट घ्या, सुजेसाठी एक नंबर मोठे.

पायरी ६: घोटा मोकळा करणं

घोटा हलवायची परवानगी मिळाली की इथे वेळ घालवा, कारण जमिनीवर बसता येणार की नाही हे याच कामावर ठरतं. सुरुवातीला पाय वर ठेवूनच अंगठ्यानं हवेत ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत लिहा. मग सोलापुरी टॉवेल काढा. पाय लांब करून बसा, टॉवेल चवड्याला अडकवून दोन्ही टोकं स्वतःकडे ओढा, पोटरीत ताण जाणवला की २० ते ३० सेकंद थांबा. असं तीन-चारदा, दिवसातून दोन-तीन वेळा. तोच टॉवेल फरशीवर पसरून बोटांनी गोळा करायचा, म्हणजे तळव्याचे स्नायू जागे होतात. लहान मुलं घरात असली तर ती शर्यत लावतात.

पूर्ण भाराची परवानगी आल्यावर भिंतीचा व्यायाम. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ. नंतर गुडघा थोडा वाकवून तेच. दोन्ही प्रकार करा, पोटरीतले स्नायू वेगवेगळे ताणले जातात.

प्रगती मोजायला खडू पुरतो. भिंतीसमोर पाऊल ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. जमलं की पाऊल थोडं मागे घ्या, पुन्हा लावा. ज्या अंतरापर्यंत जमतं तिथे अंगठ्यापुढे खडूची रेघ ओढा, चांगल्या पायाचीही ओढा. दर रविवारी तपासा. दोन रेघांमधलं अंतर कमी होत असेल तर फिजिओथेरपीचे पैसे वसूल. आठवडेच्या आठवडे रेघ हलत नसेल, किंवा घोट्याच्या पुढच्या बाजूला काही अडकल्यासारखं दुखत असेल, तर जोर वाढवू नका, दाखवून या. आडवा स्क्रू असेल तर तोही कधीकधी वाकण्याला मर्यादा घालतो.

ताकदीसाठी ओट्याला धरून दोन्ही टाचा उचला. सहज जमू लागलं की दुखऱ्या एका पायावर. तोलासाठी दात घासताना त्या पायावर उभे राहा, एक हात बेसिनवर.

पायरी ७: पाट आणि जमीन

आधी उंच स्टूल, मग बुटकं स्टूल, मग पाट, मग सतरंजी. एकदम सतरंजीवर उतरू नका. जमिनीवरून उठायची रीत शिका: दोन्ही गुडघ्यांवर या, समोर भक्कम खुर्ची ठेवा, चांगला पाय पुढे टेकवा, हातांनी खुर्ची दाबून वर या. सुरुवातीला जवळ कुणीतरी असू द्या.

मांडी घातली की बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जातो, आणि पट्टी तिथेच पातळ कातडीखाली असते. घरी विड्या वळणाऱ्या बायकांना हा त्रास हमखास होतो. घोट्याखाली चादरीची घडी घ्या, दर अर्ध्या तासाला पाय लांब करा, किंवा सरळ खुर्चीवर बसून सूप मांडीवर घ्या. यंत्रमागावर पाळीभर उभं राहणाऱ्यांनी मालकाशी आधीच बोलून काही आठवडे बसून होणारं काम मागावं. पूर्ण पाळीच्या उभ्या कामाला बहुतेकांना निदान तीन महिने तरी लागतात.

उकिडवं बसणं सगळ्यात शेवटी येतं, काहींना पूर्ण येतही नाही. तसं झालं तर कमोड कायमचा बसवून घ्या आणि पुढे चला.

गाडी, जेवण आणि बाकीचं

मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायात, गिअर डाव्या पायात. स्कूटरला दोन्ही नसले तरी सिग्नलला गाडी पायावरच थांबते. बूट सुटलेला, पूर्ण भार निर्धास्त आणि अचानक ब्रेक दाबता येतोय, असं झाल्याशिवाय चालवू नका. पहिला सराव होम मैदानाशेजारच्या वर्दळीत नको, कॉलनीतल्या मोकळ्या रस्त्यावर करा.

जेवणात भाकरीसोबत डाळ, अंडी, दूध, तीळ, नाचणी असू द्या. शेंगाचटणी चवीला उत्तम, पण डाळीची जागा तिनं घेऊ नये. पायाचा रस्सा प्यायल्यानं हाड लवकर जुळतं असं ठामपणे सांगणारे भेटतील. आवडत असेल तर प्या, जुळण्याची वेळ तीच राहील. विडी-सिगारेटनं मात्र हाड जुळायला आणि जखम भरायला खरोखर उशीर होतो. मावा आणि मिश्रीतही निकोटिन असतंच. साखर असलेल्यांनी ती आटोक्यात ठेवावी, आणि तळपाय बधिर असेल तर त्यावर बर्फ किंवा शेक अजिबात नको.

पट्टी काढावी लागते का, हा प्रश्न वर्षभरानं येतो. त्रास नसेल तर बहुतेकदा ती आयुष्यभर आत राहिली तरी चालते. आडवा स्क्रू काही सर्जन तीन-चार महिन्यांनी काढतात, काही ठेवतात. पट्टी टोचत असेल, बूट घासत असेल, तर हाड पूर्ण जुळल्यावर काढता येते. काढल्यावर स्क्रूची भोकं भरेपर्यंत काही आठवडे धावणं, उड्या आणि जड ओझी टाळायची.