एका सूचनेत सोळा गुणाकार: कायबरचं गणित एव्हीएक्स२ वर

माझ्याकडे मुलुंडला शिकायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी एव्हीएक्स२ (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) चे इन्ट्रिन्सिक्स, म्हणजे त्या सूचना सी कोडमधून बोलावणारी फंक्शन्स, टाइप करायला बसतात. मी त्यांना आधी वही काढायला लावते. एक गुणाकार हाताने सुटत नसेल, तर सोळा एकदम केल्याने सोळा चुका एकदम होतील, एवढंच.

शिकवायला मी कायबर घेते; क्वांटम संगणकापुढेही टिकावी म्हणून बनवलेली, गुप्त किल्ली ठरवायची ही पद्धत. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये फिप्स २०३ म्हणून जाहीर केलेलं एमएल-केईएम हे मानक त्याच्यावरूनच आलं. त्यातलं गणित मॉड ३३२९ चालतं: उत्तराला ३३२९ ने भागून उरलेली बाकीच ठेवायची. म्हणजे एकेक आकडा १६ बिटांत मावतो, आणि प्रोसेसरच्या २५६ बिटांच्या रजिस्टरमध्ये (आकडे ठेवायच्या खणात) असे सोळा बसतात.

अडचण मॉडची आहे. एव्हीएक्स२ मध्ये पूर्णांकांचा भागाकारच नाही. शिवाय साध्या भागाकाराला लागणारा वेळ कित्येक प्रोसेसरांवर आकड्यानुसार बदलतो. गुप्त आकड्याला भागलंत, तर वेळ मोजत बसलेल्याला त्याचा सुगावा लागतो. २०२३ च्या अखेरीस उजेडात आलेलं कायबरस्लॅश प्रकरण नेमकं असंच होतं. तेव्हा भागाकार नकोच. पीटर माँटगोमेरी यांनी १९८५ साली मांडलेली पद्धत घ्या: ३३२९ ने भागण्याऐवजी ६५५३६ ने भागायचं, कारण ६५५३६ ने भागणं म्हणजे गुणाकाराचा वरचा अर्धा भाग उचलणं.

आता वहीत करून बघा. १००० × २००० = २०,००,०००. याचा वरचा भाग (६५५३६ ने भागल्यावर येणारा भागाकार) ३०, खालचा (बाकी) ३३९२०. पुढे ६२२०९ हा आकडा लागतो; त्याला ३३२९ ने गुणलं की खालच्या १६ बिटांत फक्त १ उरतो. ३३९२० × ६२२०९ यातले खालचे १६ बिट म्हणजे ११५२. आणि ११५२ × ३३२९ = ३८,३५,००८; त्याचा वरचा भाग ५८, खालचा पुन्हा ३३९२०! दोन्ही खालचे भाग सारखे निघाले, म्हणून वजाबाकीत ते उडतात आणि हातचा घ्यावाच लागत नाही. उरलं ३० − ५८ = −२८. पडताळा घ्या: −२८ × ६५५३६ आणि २०,००,०००, दोघांचीही ३३२९ ने भागून बाकी २६०० येते. इतकी वर्षं शिकवतेय, तरी तो दुसरा ३३९२० कागदावर उमटला की मला आनंद होतो. उत्तर ६५५३६ ने भागलेलं असतं, म्हणून स्थिरांक आधीच ६५५३६ ने गुणून ठेवायचे.

कोडमध्ये वरचा अर्धा मलहाय ही सूचना देते, खालचा मललो. सरळ लिहिलंत तर चार गुणाकार आणि एक वजाबाकी होते. पण एनटीटीमध्ये (कायबरमधल्या बहुपदींचा गुणाकार झटपट व्हावा म्हणून थराथराने करायचं रूपांतर) दुसरा आकडा नेहमी ठरलेला असतो. मग त्याचा ६२२०९ शी गुणाकारही तक्त्यात तयार ठेवा. २००० साठी तो ३०६७२ येतो. १००० × ३०६७२ चे खालचे १६ बिट थेट ११५२. चाराचे तीन गुणाकार झाले, आणि त्यातले पहिले दोन एकमेकांसाठी थांबत नाहीत. माझ्या मते खरा वेग इथे मिळतो.

मग मर्यादा. गुणाकाराचं उत्तर −३३२९ आणि ३३२९ यांच्या मध्येच असतं, त्यामुळे एनटीटीच्या एका थरात कुठलाही आकडा फार तर ३३२९ ने वाढतो. थर सात. सुरुवात ३३२९ च्या आत असेल तर शेवट ८ × ३३२९ = २६६३२ च्या आत, आणि चिन्हासकट १६ बिटांत ३२७६७ पर्यंत मावतं. म्हणजे जाताना मध्ये कुठेही आकडे लहान करायची गरज नाही. उलट्या एनटीटीत मात्र बेरजा दुप्पट होत जातात, तिथे मधूनमधून आकडे पुन्हा लहान करणारी बॅरेटची पद्धत लावावीच लागते. हा हिशेब प्रत्येक थरासमोर कॉमेंटमध्ये लिहा. मी कोड तपासताना आधी तेच वाचते.

प्रत्येक थरात आकडे जोडीजोडीने घ्यायचे असतात. पहिल्या चार थरांत जोडीतले आकडे १२८, ६४, ३२ आणि १६ घरं दूर असतात, काम सरळ होतं. पुढचं अंतर ८, ४, २. जोडी एकाच रजिस्टरमध्ये येते आणि अदलाबदल करावी लागते. एव्हीएक्स२ च्या बहुतेक शफल (आकड्यांच्या जागा बदलणाऱ्या) सूचना रजिस्टरच्या १२८ बिटांच्या अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात जात नाहीत, जसं साध्या लोकलमध्ये एका डब्यातून दुसऱ्या डब्यात आतून जाता येत नाही. अंतर ८ ला पर्म्यूट२एक्स१२८ वापरा, ४ आणि २ अर्ध्याच्या आतच उरकतात. रजिस्टर सोळाच आहेत आणि कायबरचे २५६ आकडे ती सगळी भरून टाकतात, म्हणून एका वेळी निम्मेच आकडे घ्या.

या गुणाकाराच्या चाचणीला रँडम आकडे पुरेसे मानू नका. पहिल्या आकड्याच्या ६५५३६ शक्यता, दुसऱ्याच्या ३३२९, मिळून सुमारे २१.८ कोटी जोड्या. साधा लॅपटॉपही त्या सगळ्या तपासू शकतो, मग एकही का सोडायची?

वेग मोजताना आपल्या हवेचा विचार करा. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत लॅपटॉप तापून प्रोसेसरचं घड्याळ मंदावतं, पण वेळ मोजणारा त्याचा टाइमस्टॅम्प काउंटर ठरलेल्या गतीनेच चालत राहतो. त्यावरची 'सायकल्स' मग खोटी ठरतात. लिनक्सवर पर्फ या साधनातून कोअरची खरी सायकल्स घ्या, टर्बो (प्रोसेसरचा आपोआप वाढणारा वेग) बंद ठेवा, आणि सरासरीऐवजी मध्यक लिहून काढा. तुलना ओ३ (कंपायलरचा वेगासाठीचा पर्याय) ने कंपाइल केलेल्या साध्या सी कोडशी करा, कारण कंपायलर स्वतःही थोडंफार व्हेक्टर (अनेक आकडे एकदम) करून देतो.